एकाच कलमातली माणसे

१९०२ साली ऑस्ट्रेलियाच्या नव्या संघराज्याने मताधिकाराचा आपला पहिला कायदा केला आणि बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा, शिवाय उमेदवार म्हणून उभे राहण्याचाही हक्क दिला. या गोष्टीचा इथल्या लोकांना अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. मात्र त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात असेही लिहिले आहे की ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि न्यूझीलंड वगळता पॅसिफिकमधली बेटे येथील मूळ रहिवाशांची नावे मतदारयादीत घालू नयेत. मेलबर्नला स्थायिक होऊन इथले नागरिकत्व घेतल्यावर मी हे कलम वाचले आणि त्यातला शेजार पाहून बराच वेळ तिथेच अडकले. माझ्या पणजोबांसारखी माणसे आणि या भूमीवर किमान ५०,००० वर्षे राहत आलेली माणसे एकाच वाक्यात, एकाच दमात, दाराबाहेर ठेवलेली होती.

पुढे या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि त्या कशा झाल्या हे आपण मराठी माणसांनी जरूर माहीत करून घ्यावे, कारण त्यात पुण्याचा धागा आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्षपद त्यांच्या निधनानंतर व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आले. १९२१ च्या साम्राज्य परिषदेत शास्त्रींनी वसाहतींमध्ये स्थायिक असलेल्या हिंदी लोकांच्या नागरी हक्कांचा प्रश्न लावून धरला आणि १९२२ साली त्याच कामासाठी त्यांनी ऑस्ट्रेलियाचा दौरा केला. १९२५ साली कायदा बदलला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातून येऊन इथे राहिलेल्या लोकांना मताधिकार मिळाला. त्यांची संख्या अगदी थोडी होती, त्यामुळे सरकारला ते देणे जड गेले नाही. ज्यांची ही भूमी होती त्यांना तोच हक्क सरसकट मिळायला १९६२ साल उजाडावे लागले, आणि क्वीन्सलँड राज्याच्या निवडणुकीत तर १९६५. हिंदी माणसाच्या पाठीशी, परतंत्र का असेना, एक देश होता, एक सरकार होते, लंडनच्या टेबलावर बसून बोलणारा एक माणूस होता. ॲबोरिजिनल, म्हणजे या खंडावरच्या मूळनिवासी, लोकांच्या वतीने वाटाघाट करणारे कोणी असूच शकत नव्हते, कारण ते एक समाज आहेत, त्यांना स्वतःचा कायदा आहे आणि जमिनीवर मालकी आहे, हेच मुळात इंग्रजी कायद्याने मानलेले नव्हते. १७८८ साली सिडनीच्या खाडीत ब्रिटिशांची जहाजे लागली तेव्हापासून ही भूमी कुणाचीच नव्हती असे धरून चालण्यात आले. त्या काळात त्यांच्याशी एकही तह सरकारने केला नाही. १८३५ साली आजच्या मेलबर्नच्या परिसरात जॉन बॅटमन नावाच्या वसाहतवाल्याने तिथल्या वुरुंजेरी या मूळ लोकांच्या वडीलधाऱ्यांशी स्वतःपुरता जमिनीचा करार केल्याचा दावा केला, तेव्हा गव्हर्नर बर्क यांनी तो रद्द ठरवताना हेच कारण दिले की जमीन राजाची आहे आणि ती विकण्याचा या लोकांना अधिकारच नाही.

म्हणून या लढ्याचा इतिहास मला फार मोठ्या प्रमाणावर अर्जांचा इतिहास वाटतो. बंदुका आल्या तेव्हा ठिकठिकाणी प्रतिकार झाला आणि कत्तलीही झाल्या. १८३८ साली मायल क्रीक येथे किमान २८ निःशस्त्र माणसे, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी, मारली गेली आणि त्याबद्दल सात गोऱ्यांना फाशी झाली. असा न्याय इतका दुर्मीळ होता की तो आजही अपवाद म्हणूनच सांगितला जातो. पण जे उरले, मिशनांत आणि राखीव वस्त्यांवर कोंडले गेले, त्यांनी इंग्रजी अक्षरे शिकताच पहिली गोष्ट केली ती अर्ज लिहिण्याची. १८८१ साली मरे नदीकाठच्या मालोगा मिशनमधल्या ४२ माणसांनी न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरकडे अर्ज केला की आमची जमीन गेली, शिकार संपली, तेव्हा शेती करून पोट भरता येईल एवढी जमीन तरी आम्हाला द्या. हा अर्ज लक्षात ठेवायला हवा. शंभराहून अधिक वर्षांनी तो एका न्यायालयात पुन्हा वाचला गेला आणि ज्या कामासाठी वाचला गेला ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. त्याकडे पुढे येते.

मालोगाचे हे लोक यॉर्टा यॉर्टा, आणि त्यांच्यापैकीच विल्यम कूपर. आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरण्यासारखी कष्टाची कामे केलेला हा माणूस सत्तरी उलटल्यावर राखीव वस्ती सोडून मेलबर्नच्या फुट्सक्रे भागात राहायला आला, कारण वस्तीवर राहिले तर वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळत नसे. तिथून त्यांनी देशभर पत्रे धाडली आणि इंग्लंडच्या राजाला द्यायच्या अर्जावर १,८१४ सह्या गोळा केल्या. ठिकठिकाणच्या वस्त्यांवरच्या व्यवस्थापकांची सह्यांना आडकाठी असे, त्यामुळे त्यांतली प्रत्येक सही कुणीतरी धोका पत्करून केलेली असणार. मागण्या मोजक्या होत्या: आमचा वंश नष्ट होऊ देऊ नका, आमची स्थिती सुधारा आणि संसदेत आमचा एक प्रतिनिधी घ्या. १९३८ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले की हा अर्ज राजाकडे पाठवून काही साधणार नाही, आणि तो पाठवला गेला नाही. त्याच वर्षी २६ जानेवारीला, जहाजे लागल्याच्या दीडशेव्या वाढदिवसाची मिरवणूक सिडनीत चालू असताना, जॅक पॅटन आणि विल्यम फर्ग्युसन यांच्या पुढाकाराने एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या एका सभागृहात मूळनिवासी लोकांनी शोकदिन पाळला. सोहळ्यात जहाजांच्या आगमनाचा देखावा होता आणि त्यात पळून जाणाऱ्या ‘रानटी’ लोकांचे सोंग वठवायला मेनिंडी येथून खरीखुरी ॲबोरिजिनल माणसे आणून पोलिसांच्या बराकीत ठेवली होती. कूपर त्या सभेला हजर होते. डिसेंबरमध्ये, जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या आल्यावर, हेच कूपर आपल्या संघटनेचे शिष्टमंडळ घेऊन मेलबर्नच्या जर्मन वकिलातीत निषेधाचा ठराव देऊ पाहत होते. तिथेही कागद घेतला गेला नाही. स्वतःचा अर्ज दाबला गेलेला माणूस दुसऱ्या खंडातल्या परक्या लोकांसाठी रस्त्यावर उतरतो, याला मी मोठेपणा म्हणते.

‘संरक्षण’ या नावाने केलेल्या कायद्यांखाली त्या काळी रोजचे जगणे कसे होते हे थोडक्यात सांगायलाच हवे. कुठे राहायचे, कुठे जायचे, कुणाशी लग्न करायचे यासाठी अधिकाऱ्याची परवानगी लागे. मजुरी सरकारी खात्यात जमा होई आणि स्वतःच्या कमाईतून चादर किंवा बूट घ्यायलाही विचारावे लागे. अनेकांच्या हातात ते पैसे कधीच आले नाहीत. आणि मुले उचलून नेली जात, विशेषतः ज्यांच्या अंगात गोऱ्याचे रक्त दिसे ती. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने म्हटले की १९१० ते १९७० या काळात दहा मुलांमागे एक ते तीन मुलांमागे एक, या प्रमाणात मुले आईबापांपासून तोडली गेली. या अहवालातल्या साक्षी मी सलग वाचू शकले नाही.

हक्काच्या लढ्याची गोष्ट सांगताना मी सर्वांत जास्त रेंगाळते ती गुरिंजी लोकांपाशी. नॉर्दर्न टेरिटरीत वेव्ह हिल नावाचे गुरांचे अफाट कुरण होते आणि ते ब्रिटनमधल्या वेस्टी कुटुंबाच्या मांसाच्या व्यापारातल्या कंपनीकडे भाडेपट्ट्याने होते. ज्यांच्या जमिनीवर ते उभे होते ते गुरिंजी तिथेच गुराखी आणि मोलकरणी म्हणून राबत. मोबदला म्हणजे पीठ, साखर, चहा, खारवलेले मांस आणि नावापुरते पैसे. राहायला पत्र्याच्या ठेंगण्या झोपड्या होत्या, ज्यांत वाकून शिरावे लागे. १९४० च्या दशकात रोनाल्ड आणि कॅथरीन बर्न्ट या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याने वेस्टींच्याच नेमणुकीवरून या कुरणांची पाहणी करून हे सारे नोंदवले होते, पण ते सविस्तर प्रसिद्ध व्हायला १९८७ साल यावे लागले. मार्च १९६६ मध्ये औद्योगिक लवादाने समान वेतन मान्य केले, आणि लगेच त्याची अंमलबजावणी डिसेंबर १९६८ वर ढकलली, म्हणजे मालकांना जुळवून घ्यायला वेळ मिळावा. २३ ऑगस्ट १९६६ रोजी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागून सुमारे २०० माणसे, गुराखी, मोलकरणी, मुलेबाळे, कुरण सोडून चालू लागली.

सगळ्यांनी याला पगाराचा संप म्हटले. कामगार संघटना, वर्तमानपत्रे आणि सरकार, सर्वांना तेच समजायला सोपे होते. पहिले काही महिने नदीच्या कोरड्या पात्राजवळ काढल्यावर १९६७ च्या सुरुवातीला ही मंडळी वॅटी क्रीक, म्हणजे त्यांचे डागुरागू, येथे येऊन राहिली आणि तेव्हा कुठे बाहेरच्यांच्या ध्यानात आले की हे लोक कामावर परतण्यासाठी गेलेलेच नाहीत. एप्रिलमध्ये त्यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड केसी यांना अर्ज केला: आमचे पूर्वज अनादी काळापासून इथे आहेत, आमची पवित्र स्थाने इथे आहेत, नैतिकदृष्ट्या ही जमीन आमची आहे, तिच्यातली सुमारे १,३०० चौरस किलोमीटर आम्हाला परत द्या, आम्ही स्वतः गुरे पाळू. (हेच केसी स्वातंत्र्यापूर्वी बंगालचे गव्हर्नर होते, साम्राज्याच्या कारभाऱ्यांची वर्तुळे किती लहान असत.) उत्तर नकाराचे आले. पगार वाढवण्याची तयारी दाखवली गेली. सरकारने वेव्ह हिलच्या वसाहतीत घरे बांधली आणि या पक्क्या घरांत या असे सांगितले. लोक गेले नाहीत. डागुरागूला त्यांनी आपल्या हाताने कुंपणे घातली, झोपड्या उभ्या केल्या आणि ते राहिले. एक पिढी म्हातारी होत होती, काही जण वारले, शहरांतून विद्यार्थी आणि कामगार संघटना पैसे आणि सामान पाठवत राहिल्या. नऊ वर्षे असे चालले.

१६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम तिथे आले आणि त्यांनी लिंगियारींच्या तळहातावर लाल माती ओतली. ते छायाचित्र जवळपास प्रत्येक ऑस्ट्रेलियन शाळकरी मुलाने पाहिलेले असते. काढणारे मर्विन बिशप स्वतः ॲबोरिजिनल होते; छपराखाली झालेला विधी त्यांनी दोघांना बाहेर उन्हात पुन्हा करायला लावला, म्हणून त्यामागे तो निळा आभाळाचा पट आला आहे. सुटाबुटातला उंच गोरा माणूस देतो आहे आणि आंधळेपणाकडे झुकलेला वृद्ध घेतो आहे, असे ते चित्र आहे. मला मात्र त्या चित्रात नेहमी खटकते ते हे की देणारा ठळक दिसतो आणि मिळवणारा नऊ वर्षे कसा बसून राहिला ते दिसत नाही. शिवाय त्या दिवशी मिळाला तो भाडेपट्टा होता. पूर्ण मालकीचे कागद हातात यायला १९८६ साल उजाडले आणि दोनच वर्षांत लिंगियारी वारले.

मधल्या काळात १९६७ चे सार्वमत होऊन गेले होते. २७ मे रोजी ९०.७७ टक्के मतदारांनी संविधानातली दोन वाक्ये बदलायला होकार दिला: जनगणनेत मूळनिवासींना न मोजण्याचे कलम गेले आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. त्यासाठी फेथ बँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षे घरोघर, चर्चमध्ये, बाजारात सह्या गोळा केल्या होत्या. या सार्वमताने मताधिकार मिळाला असे इथे अनेकजण समजतात, तसे नाही. केंद्राला अधिकार मिळाला, पण जमिनीबद्दल तो काही वर्षे वापरलाच गेला नाही. जानेवारी १९७२ मध्ये पंतप्रधान मॅकमहन यांनी जमिनीचा हक्क नाकारून भाडेपट्ट्यांचे गाजर पुढे केले, तेव्हा चार तरुणांनी कॅनबेराच्या संसद भवनासमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवली आणि आपल्याच देशात आपण परके ठरलो म्हणून ही आमची वकिलात, असे जाहीर केले. पोलिसांनी तंबू उखडले, ते पुन्हा उभे राहिले.

आता न्यायालयांकडे. एडी मॅबो हे टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचे. तिथले लोक ॲबोरिजिनल लोकांहून वेगळे, समुद्राशी आणि बागायतीशी जोडलेले. टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात माळी म्हणून काम करताना तिथल्या दोन इतिहासकारांशी बोलताबोलता त्यांना कळले की मेरवरची आपली जमीन कायद्याच्या लेखी सरकारी मालकीची आहे. बेटावरच्या प्रत्येक वाडीची हद्द कुठल्या झाडापासून कुठल्या दगडापर्यंत, हे बापाकडून मुलाकडे आलेले ज्ञान होते, आणि ते कुठल्याच दप्तरात नव्हते. १९८२ साली मॅबो आणि इतर चौघांनी खटला भरला. तो चालू असताना क्वीन्सलँडने १९८५ मध्ये असे हक्क मागील तारखेपासून नष्ट करणारा कायदाच केला. १९८८ मध्ये तो वंशभेदविरोधी कायद्याच्या आधारे एका मताच्या फरकाने पडला. ३ जून १९९२ रोजी उच्च न्यायालयाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सहा विरुद्ध एक मताने मान्य केले की ही भूमी रिकामी नव्हती आणि जुना हक्क टिकून आहे. मॅबो त्याआधी सुमारे साडेचार महिने, जानेवारीत, गेले होते.

या निकालाने २०० वर्षांचे एक असत्य कायद्यातून पुसले, हे खरे आहे. पण त्यानंतर आलेल्या कायद्याखाली आपला संबंध अखंड चालत आला आहे हे सिद्ध करण्याचा भार ज्यांना उखडले गेले त्यांच्यावरच पडला. विल्यम कूपर यांच्या यॉर्टा यॉर्टा लोकांनी दावा केला. १९९८ मध्ये न्यायमूर्ती ओल्नी यांनी तो फेटाळताना १८८१ चा मालोगाचा तो अर्ज पुराव्यात घेतला: शेतीसाठी जमीन मागताना या लोकांनीच लिहिले आहे की जुनी जमीन आणि जुनी वहिवाट गेली, मग परंपरा तिथेच तुटली. २००२ मध्ये उच्च न्यायालयानेही दाव्याला नकार दिला. दाद मागितली तेव्हा ऐकले नाही, आणि मागितली होती हेच पुढे त्यांच्या नातवंडांविरुद्ध पुरावा झाले. या इतिहासातल्या कत्तली आणि मुलांची पळवापळव वाचून मी रडले आहे. या निकालाने मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

२०१७ साली देशभरातले मूळनिवासी प्रतिनिधी मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरूजवळ जमले आणि त्यांनी जे निवेदन केले त्यातली पहिली मागणी म्हणजे आमच्याबद्दलचे कायदे करताना आमचे म्हणणे संसदेपर्यंत पोहोचवणारी एक सल्लागार संस्था संविधानाने स्थापन करावी. कूपर यांच्या अर्जातली एक प्रतिनिधी घेण्याची मागणी याहून फार वेगळी नव्हती. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मते विरुद्ध गेली आणि एकाही राज्यात होकाराला बहुमत मिळाले नाही. नॉर्दर्न टेरिटरीतल्या दुर्गम वस्त्यांवर, जिथे मतदार बहुतांशी मूळनिवासी आहेत, तिथे मात्र अनेक केंद्रांवर होकार मोठ्या फरकाने पुढे होता.

त्या महिन्यांत आमच्या मराठी मंडळींच्या घरगुती गप्पांत मी एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकले: हा त्यांचा आपसातला प्रश्न आहे, आपण बाहेरून आलेले, आपण कशाला बोला. आमच्या गणेशोत्सवाच्या आरंभीही कुणीतरी माइकवर या भूमीच्या मूळ मालकांना, वुरुंजेरी लोकांना, वंदन करते आणि मग अथर्वशीर्ष सुरू होते. ते वंदन मनापासून होते यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच हे वाक्य मला पटत नाही. मत देणे इथे सक्तीचे आहे, म्हणजे आमच्यापैकी प्रत्येक नागरिकाने त्या प्रश्नाचे उत्तर लिहिलेच. शिवाय आपण इथे आलो ते १९७३ साली व्हिटलम सरकारने गोऱ्यांपुरते स्थलांतर ठेवणारे धोरण निकालात काढले म्हणून. दोन वर्षांनी लिंगियारींच्या हातावर माती ओतणारे सरकार तेच. १९०२ च्या कलमात आपण त्यांच्या शेजारी होतो. १९२५ मध्ये आपल्याला त्यातून बाहेर काढणारे कोणी होते, त्यांना नव्हते, आणि तेव्हा मागे वळून त्यांच्यासाठी कुणी शब्द टाकल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. मी होकाराचे मत दिले आणि ते का दिले हे जिथे विचारले गेले तिथे सांगितले. काही घरांत त्यामुळे संभाषण थांबले, काहींत ते तासभर चालले.

सार्वमत हरल्यावर लढा संपला असे ज्यांना वाटते त्यांनी गोव्ह द्वीपकल्पाकडे पाहावे. उत्तर किनाऱ्यावरच्या यिरकाला येथे १९६३ साली सरकारने योलंगु लोकांना न विचारता बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन काढून घेतली. त्यांनी झाडाच्या सालीवर, चारी बाजूंनी आपल्या कुळांची चित्रे रंगवून, मधोमध टंकलिखित कागद चिकटवून, स्वतःच्या भाषेत आणि इंग्रजीत, संसदेला अर्ज पाठवला. सह्या पुरेशा वजनदार माणसांच्या नाहीत अशी शंका मंत्र्यांनी घेतली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी अंगठे उमटवून पाठवले. संसदेने समिती नेमली, समितीने भरपाईची शिफारस केली आणि खाण सुरू झाली. मग ते न्यायालयात गेले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी मान्य केले की या लोकांचा स्वतःचा सुविहित कायदा आहे, पण जमिनीवरची त्यांची मालकी इंग्रजी कायद्याला ओळखता येत नाही, असे म्हणून दावा फेटाळला. त्या अर्जाच्या कामात किशोरवयात हातभार लावणारे गलारवुय युनुपिंगु यांनी २०१९ मध्ये आपल्या गुमाज कुळाच्या वतीने केंद्र सरकारविरुद्ध भरपाईचा दावा दाखल केला. ते एप्रिल २०२३ मध्ये वारले. १२ मार्च २०२५ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की मूळनिवासींचा जमिनीवरचा हक्क ही मालमत्ताच आहे आणि केंद्र सरकारला ती योग्य मोबदल्याशिवाय घेता येत नव्हती. १९११ पासून टेरिटरीचा कारभार केंद्राकडे होता, तेव्हा हिशेब तिथपासूनचा आहे. मोबदला किती, हा प्रश्न त्या निकालाने पुढच्या सुनावणीवर सोडला. गोव्हचा ॲल्युमिना कारखाना २०१४ मध्येच बंद झाला, खाणीतले बॉक्साइट संपत आले आहे, आणि यिरकालाचे लोक या जमिनीचा पुढे उपयोग कसा करायचा याची आखणी करत आहेत.